मचाणावरचे पाच तास : हलक्या, उबदार थरांची निवड कशी चुकली आणि कशी जुळली

पार्श्वभूमी

ज्याचं हे प्रकरण आहे त्याला इथे नितीन म्हणू. वय ४१, मूळचा जतकडचा, बारा वर्षं अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला सॉफ्टवेअरच्या नोकरीत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची (त्यांना डेल म्हणू, वय ७१) व्हर्नन काउंटीत जमीन आहे. राज्याच्या या नैऋत्य कोपऱ्यात शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या पोचल्याच नाहीत. त्यामुळे आसपासच्या सपाट मुलखात हा तुकडा डोंगरदऱ्यांचा राहिला. वर ओकची रानं, खाली मक्याची शेतं, आणि पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर.

डेल धनुष्यानं शिकार करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हरणांचा माजाचा काळ असतो, तेव्हा एरवी रात्रीच हिंडणारे नर दिवसाही बाहेर पडतात. या काळात झाडाला टेकवलेल्या लोखंडी शिडीच्या मचाणावर पहाटेपासून हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. नितीननं दोन वर्षं तिरंदाजीचा सराव केला. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो, तोही केला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि मचाण उरलं ते बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेपुरतं. मी स्वतः मेळघाटात एकदा असा रात्रभर बसलोय, मे महिन्यात, खांद्यावर ओला पंचा टाकून. बसणं तेच, पण तिथे घाम वाळवायचा प्रश्न होता. विस्कॉन्सिनमध्येही प्रश्न शेवटी घामाचाच निघाला. ते कळायला मात्र एक वर्ष गेलं.

मी कापडाच्या धंद्यातला. इचलकरंजीत शिकलो, इथे तांत्रिक कापडाच्या चाचण्या करतो. म्हणून ‘काय घालू?’ हा प्रश्न नितीननं मला विचारला, आणि पहिलं चुकीचं उत्तर माझंच होतं.

पहिल्या वर्षी काय झालं

मी म्हणालो, जाडजूड पार्का (टोपीचा लांब कोट) घे, आत दोनतीन थर घाल, आणि गाडीतून उतरतानाच सगळं चढव, म्हणजे थंडी शिरायला वावच नको. त्यानं तसंच केलं. आत जाड सुती थर्मल, त्यावर फ्लॅनेलचा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर नायलॉनचा पार्का. पायात दोन जोड मोजे, कारण एकापेक्षा दोन बरे.

पहाटे पाचला तापमान उणे ७ होतं. घरापासून मचाणापर्यंत सव्वा किलोमीटर, आणि त्यातला शेवटचा तुकडा सरळ चढाचा. वर पोचेपर्यंत पाठ ओली झाली होती. नितीनच्या शब्दांत, ‘एकदम मस्त गरम वाटत होतं.’ पाऊण तासानं गरम वाटायचं थांबलं. उजाडलं तेव्हा हुडहुडी भरली होती. आठ-चाळीसला सहा टोकांच्या शिंगांचा एक नर पंचवीस पावलांवर आला. नितीननं धनुष्य उचललं, पार्क्याची बाही सळसळली, हरणाचे कान वळले. दोरी ओढायला गेला तर अर्ध्यावर हात थरथरून थांबला. एरवी अंगणात सलग तीस बाण मारणारा माणूस हा. नर दोन उड्यांत दिसेनासा झाला.

एवढंच झालं असतं तर डेल आणि मी मिळून त्याची टिंगल केली असती आणि विषय संपला असता. पण नितीन उतरायला लागला तेव्हा बोटं वळेनात. शिडीची तिसरी पायरी हातातून निसटली आणि तो लटकला. अंगात पूर्ण हार्नेस (पडू नये म्हणून घालायचा पट्ट्यांचा साज) होता, आणि तो झाडाला वरपासून खालपर्यंत बांधलेल्या दोरावरच्या सरकत्या गाठीला जोडलेला होता. गाठ घट्ट बसली. वीसएक सेकंदांत पाय पायरीवर आला. हार्नेसमध्ये जास्त वेळ नुसतं लोंबकळत राहिलं तर मांड्यांवरच्या पट्ट्यांनी रक्त अडतं आणि तेही जीवघेणं ठरू शकतं. त्यासाठी पाय टेकवायची वेगळी पट्टी हार्नेससोबत येते. ती त्याच्या खिशात होती. ती काढायला लागणारी बोटं मात्र कामाची नव्हती.

त्या दिवसानंतर माझ्या दृष्टीनं हा कपड्यांच्या आरामाचा प्रश्न राहिला नाही. चार तासांनी तो शिडी नीट धरू शकेल की नाही, एवढंच बघायचं होतं.

दुखणं नेमकं कुठे होतं

कपड्यांची ऊब मोजायला आमच्याकडे ‘क्लो’ नावाचं माप आहे. साध्या लोकरी सुटातला माणूस म्हणजे साधारण १ क्लो. नुसता बसलेला माणूस शंभरेक वॉट उष्णता तयार करतो, तर ओझं घेऊन चढ चढणारा त्याच्या चारपाच पट. हे आकडे घेऊन मी कागदावर ढोबळ हिशोब मांडला. उणे १० मध्ये स्वस्थ बसायला सहाएक क्लो लागतात. त्याच थंडीत चढ चढायला दोनसुद्धा जास्त होतात.

म्हणजे एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतरानं, त्याला दोन वेगवेगळे पोशाख हवे होते. मी त्याला बसायचा पोशाख घालून चालायला लावलं होतं. घाम सुती थर्मलमध्ये मुरला. सूत एकदा भिजलं की पाणी धरून ठेवतं, आणि ते वाळवायची उष्णता शेवटी अंगातूनच जाते.

वाऱ्याचा हिशोबही मी धरला नव्हता. जमिनीवर झुळूक असते तेव्हा मचाणाच्या उंचीवर, साडेचार मीटरवर, बऱ्यापैकी वारा असतो. उणे ९ तापमानात ताशी १८ किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १६ सारखं लागतं.

आमच्यापुढचे पर्याय

पुढच्या हंगामासाठी ४५० डॉलर ठरले. अटी अशा : बसताना लागणारं सगळं पाठीवरच्या २८ लिटरच्या पिशवीत किंवा पिशवीला बांधून नेता आलं पाहिजे, दोरी ओढताना बाही आड येता कामा नये, आणि कापडाचा आवाज होता कामा नये. ही शेवटची अट गिर्यारोहणाच्या दुकानातल्या निम्म्या मालाला बाद करते. गिर्यारोहकाला सळसळ चालते. वीस पावलांवरच्या हरणाला ती चालत नाही, आणि थंडीत नायलॉन आणखी ताठर होऊन जास्तच वाजतं.

डेलचं मत सरळ होतं. त्यांच्यासारखा भरीव बिब (छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली पँट) आणि जाड कोट घ्यावा, पाठीला बांधून न्यावा, झाडाखाली घालावा. त्यांचा जोड आम्ही वजनकाट्यावर ठेवला तर ३ किलो ६०० ग्रॅम भरला. ऊब उत्तम आणि आवाज शून्य. पण बाही उशीएवढी जाड. डेल तीस वर्षं त्याच बाहीतून बाण मारतायत, त्यांची ढब तशी बनलीय. नितीननं तो कोट घालून पाच बाण मारले, त्यातल्या दोनदा दोरी बाहीला घासली.

नितीनला स्वतःला बॅटरीवरची गरम बंडी हवी होती. सॉफ्टवेअरवाल्याला बॅटरी दिसली की बरं वाटतं. पण लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत लवकर माना टाकतात. शिवाय ज्या वस्तूवर सुखरूप उतरणं अवलंबून आहे तिला बंद पडायची सोय नसावी, असं मला वाटत होतं. यावर आमचं आठवडाभर वाजलं.

मग पिसांचं जॅकेट. वजनाच्या मानानं ऊब पाहिली तर याला तोड नाही. ‘८०० फिल’ असं लेबलवर लिहितात, त्याचा अर्थ २८ ग्रॅम पिसं फुलून सुमारे १३ लिटर जागा व्यापतात. त्या जागेत अडकलेली हवाच ऊब देते. पिसं भिजली की बसतात आणि मग काहीच उरत नाही. वरचं पातळ कापड ओकच्या सालीला घासलं की फाटतं, आणि वाजतं. कृत्रिम भरणाचं जॅकेट दमट झालं तरी बरीच ऊब टिकवतं, पण तेवढ्याच उबेला वजन जास्त आणि घडीही मोठी.

इथे नितीनची आई चर्चेत आली. काकू सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. टेबलावर पसरलेली ही सगळी कपड्यांची दुकानदारी त्या तीन दिवस बघत होत्या. सुती थर्मलची गोष्ट ऐकल्यावर म्हणाल्या, ‘अरे, आपल्याकडं धनगर भर पावसात घोंगडं घेऊन बसतो. सुती चादर पांघरून बसलेला बघितलास का कधी?’ आणि थोड्या वेळानं, ‘हात मोकळे पाहिजेत म्हणतोस, तर बंडी घाल की. बाह्या कशाला?’

कापडाची पदवी असलेल्या माणसानं हे ऐकून काय चेहरा करावा? दोन्ही मुद्दे बिनतोड होते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी अंगाला गार लागत नाही. आणि धड गरम राहिलं तर शरीर हातापायांकडचं रक्त आखडून घेत नाही. म्हणजे बिनबाह्यांची जाड बंडी बोटांचंही काम करते.

ठरलं ते असं. अंगालगत मेरिनो लोकरीचा मध्यम जाडीचा थर. त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे लवेचं कृत्रिम कापड. त्यावर २६० ग्रॅमची पिसांची बंडी. सगळ्यात वर वारा अडवणारं, बाहेरून मऊ लवेचं जॅकेट, तेही जुन्या मालाच्या दुकानातून ६० डॉलरला. बंडी आत गेल्यामुळे तिचा आवाज दबला, सालीपासून आणि हिमापासून ती वाचली, आणि बाह्यांत फक्त पातळ थर राहिले. खाली पातळ भरणाचा बिब, ज्याच्या दोन्ही बाजूंना कमरेपर्यंत चेन आहे, म्हणजे बूट न काढता चढवता येतो. पाठीवरचं ओझं २ किलो १०० ग्रॅम.

डेकवरची तालीम

गेल्या वेळचा धडा म्हणून मी एक अट घातली होती. घरी बसून दाखवल्याशिवाय मचाण नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एका पहाटे उणे ३ होतं. नितीन आधी कॉलनीला दोन फेऱ्या जोरात मारून आला, मग घरामागच्या डेकवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हार्नेससकट सगळं घालून, दोन तास बसला. दर अर्ध्या तासानं उठून धनुष्य ओढायचं आणि सावकाश सोडायचं. शेजारचे गृहस्थ कुत्रा फिरवताना दोनदा थांबले, काही बोलले नाहीत.

पहिल्याच तासात दोन गोष्टी उघड झाल्या. हार्नेस सगळ्यांत वर बांधला तर त्याच्या पट्ट्या खांद्यावर आणि छातीवर पिसं चेपतात. जिथे चेपली तिथे बोटभर रुंदीचा गारठा लागत होता. आणि बूड. बसल्यावर बिबचं भरण चेपून पापडासारखं होतं.

बुडाचा प्रश्न काकूंनी योगा मॅटचे दोन तुकडे एकावर एक शिवून सोडवला. हार्नेसचा प्रश्न जास्त नाजूक होता. हार्नेस पातळ फ्लीसवर घालून बंडी आणि जॅकेट त्याच्यावर घालायचे, तर झाडाच्या दोराला जोडायचा, मानेमागून निघणारा जोडपट्टा बाहेर कसा काढायचा? शिकारीच्या काही जॅकेटांना पाठीवर त्यासाठी फट असते. जुन्या दुकानातल्या आमच्या जॅकेटाला नव्हती. काकूंनी पाठीवर मधोमध, कॉलरच्या चार बोटं खाली, लांब काज केलं आणि कडा दोनदा गोट मारून पक्क्या केल्या. बंडीचं तसं करणं शक्य नव्हतं, फाडली की पिसं बाहेर. मग बंडी हार्नेसच्या आत आणि जॅकेट बाहेर, आणि बंडीच्या खांद्यांपुरता गारठा चालवून घ्यायचा, अशी तडजोड झाली. पट्ट्या बंडीवरून नीट बसतात ना, सैल राहत नाहीत ना, हे डेलनी स्वतः ओढून पाहिलं. हार्नेसला मात्र सुई लावायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणखी एक निर्णय डेलमुळे बदलला. मी म्हणत होतो, जाड थर वर चढून घालावेत, म्हणजे शिडी चढताना घाम नको. डेलनी नुसतं विचारलं, वर उभं राहून हार्नेसवर जॅकेट चढवताना जोडपट्टा कुठे असेल? सोडलेला. मी गप्प बसलो. क्रम असा ठरला : चालताना लोकर आणि फ्लीस, तेही सावकाश, पाऊण तास राखून. झाडाखाली दहा मिनिटं थांबायचं, ओली कानटोपी बदलायची, वाफ निघून गेली की बंडी, बिब, हार्नेस, जॅकेट. मग दोराला जोडून घेऊन चढायचं. धनुष्य आणि पिशवी नंतर दोरीनं वर ओढून घ्यायची.

वासाचाही मुद्दा होता, तो आमच्या ध्यानातच नव्हता. नवे कपडे स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात टांगले होते. डेलनी फ्लीस नाकाला लावून विचारलं, हा कसला वास? लसणीच्या फोडणीचा. फ्लीस तो असा धरून ठेवतं की दोन धुण्यांतही पुरता गेला नाही. तेव्हापासून कपडे गॅरेजमध्ये झाकणाच्या खोक्यात असतात.

प्रत्यक्ष मचाणावर

पहिला शनिवार, उणे ९, वारा ताशी अठराच्या आसपास. धड शेवटपर्यंत गरम राहिलं. तीन तास वीस मिनिटांनी नितीन उतरला तो पायांमुळे. ते दोन जोड मोजे आम्ही कुणी बदललेच नव्हते. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की हवेला जागा राहत नाही आणि रक्तही अडतं. त्यात बूट लोखंडी जाळीवर टेकलेले. सगळा जीव बंडीत ओतला आणि पायाखाली बघितलं नाही.

आठवड्यात एक माप मोठे बूट आले, मोजा एकच पण जाड लोकरीचा. गालिच्याचा एक तुकडा जाळीवर अंथरायला. कमरेला बांधायची हातांची पिशवी, आत हवा लागली की तापणाऱ्या लोहभुकटीच्या पुड्या. खिशात काकूंचे शेंगदाण्याचे लाडू, दर तासाला एक. भट्टी चालू ठेवायला इंधन लागतं, आणि लाडू चावताना आवाज होत नाही. चिक्की याच कारणानं बाद झाली होती.

दुसऱ्या शनिवारी तो पाच तास दहा मिनिटं बसला. साडेनऊला एक मादी दरीतून वर आली आणि अठरा पावलांवर थांबली. दोरी पूर्ण ओढली गेली, आवाज झाला नाही. पण तिच्या खांद्यासमोर एक फांदी होती. नितीन थांबला, ती हलली नाही, आणि मग त्यानं दोरी तितक्याच सावकाश परत आणली. तिरंदाजांना विचारा, ताणलेली दोरी न सोडता परत आणायला ओढण्याइतकीच ताकद लागते आणि काळजी जास्त. गेल्या वर्षी तो अर्ध्यावर थरथरला होता. मादी निघून गेली. उतरताना सगळ्या पायऱ्या एकेक करून हाताला लागल्या.

त्या हंगामात हरीण मिळालं नाही.

आता करायचं झालं तर

खर्च ४७० डॉलर झाला, म्हणजे वीस वर. त्यातले १४० बुटांचे, आणि ते सगळ्यांत शेवटी गेले. आज मला विचाराल तर मी खालून वर येईन. आधी बूट आणि पायाखालचा गालिचा, मग हात, मग अंगालगतची लोकर, आणि उरलेल्या पैशांत बंडी. पिसांच्या बंडीऐवजी कृत्रिम भरणाची घेतली असती तरी फार बिघडलं नसतं. शंभरेक ग्रॅम वजन वाढलं असतं, हिमवर्षावाच्या दिवशी धाकधूक कमी झाली असती.

डेलचा जड जोड मी तेव्हा उगाच मोडीत काढला. ज्याला दोनशे पावलं चालून मचाण गाठायचंय त्यानं वजनाचा विचारच करू नये, तोच घ्यावा. आमची सगळी कसरत सव्वा किलोमीटरच्या चढासाठी होती.

भगव्या रंगाचा विचार उशिरा केला. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत धनुष्यवाल्यालाही कमरेवरचे निम्मे तरी कपडे झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी घालावे लागतात. नितीनकडची नारिंगी बंडी नेहमीच्या मापाची होती, सगळ्या थरांवर तिची चेन लागेना. त्या नऊ दिवसांत तो गेलाच नाही.

डेकवरची तालीम उणे ३ ला घेतली आणि मचाणावर उणे ९ निघालं, हेही चुकलंच. थोडं थांबलो असतो तर पायांचं दुखणं घरीच कळलं असतं.

बोटांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. बाण सोडायच्या चापाला पातळ हातमोजा लागतो आणि पातळ हातमोज्यात बोट दहा मिनिटांत गार पडतं. सध्या उजवा हात कमरेच्या पिशवीतच राहतो, हरीण दिसेपर्यंत. काकू या नोव्हेंबरात जतला आहेत. उजव्या हातमोज्याचं पहिलं बोट उघडं आणि त्यावर लोकरीची टोपी, असं काहीतरी त्या विणून पाठवणार आहेत. माप म्हणून नितीननं पंजा कागदावर ठेवून पेन फिरवलं आणि फोटो पाठवला.